मरून दोऱ्याची सुई

बेनिटा डाबरे रोज सकाळी कामाला हात लावण्याआधी सहा सुया ओवायची. पांढरा दोरा चादरींसाठी, हिरवा ऑपरेशन थिएटरच्या कपड्यांसाठी, निळा नर्सबाईंच्या युनिफॉर्मसाठी, खाकी वॉर्डबॉयसाठी, काळा असाच, आणि मरून ब्लँकेटच्या काठांसाठी. सहाही सुया कॉलरच्या आतल्या बाजूला ओळीने टोचून ठेवायची आणि मग चहाला जायची. दुपारी तीन वाजता निघताना सहा रिकाम्या सुया मोजून पत्र्याच्या डबीत परत जायच्या. हॉस्पिटलात हरवलेली सुई कुणाच्या तरी उशीत निघते, असं ती नव्या मुलींना सांगायची. एवढ्या वर्षांत तिची एकही सुई हरवली नाही. आणि एकही सुई दिवसअखेर ओवलेली राहिली नाही. एक सोडून.

वसईच्या गास गावातून ती १९७४ साली बहारीनला आली आणि मनामातल्या एका हॉस्पिटलच्या लिनन रूममध्ये लागली. शिवण कॉन्व्हेंटच्या सिस्टरांकडे शिकलेली. तिचं रफू उलटं करून पाहिलं तरी सापडत नसे. अपघात विभागातून पेशंटचे अंगावरचे कपडे गाठोड्यात बांधून खाली यायचे, वर वॉर्डची चिठ्ठी. नियमाप्रमाणे ते फक्त धुवायचे आणि परत पाठवायचे. बेनिटा ते शिवूनही द्यायची. माणूस बरा होऊन घरी जाताना फाटक्या कपड्यात जाऊ नये, इतकंच तिचं म्हणणं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नव्हतं.

नवरा फ्रान्सिस झल्लाकच्या एका बीच हॉटेलात पाव-केक भाजायचा. गुरुवारी संध्याकाळी घरी यायचा, शुक्रवारी रात्री परत. मूल नव्हतं. बाकीचे दिवस बेनिटा बुसैतीनच्या दोन खोल्यांत एकटी. खोल्यांच्या वरच गच्ची. ती घाबरट नव्हती. हे सांगायला हवं, कारण १९८४च्या उन्हाळ्यानंतर ज्यांनी तिला पाहिलं, त्यांना ती नेहमी घाबरटच वाटली.

त्या उन्हाळ्यात सोमवारी संध्याकाळी सात वाजता एक इंग्रजी मालिका लागायची. शंभर वर्षांपूर्वीचं लंडन, गॅसचे दिवे, ओली गल्ली. गल्लीत एकामागून एक बायका मारल्या जातात आणि सतत सर्दी झालेला एक इन्स्पेक्टर रुमाल नाकाला लावून दारोदार फिरतो. हे चॅनल बहारीनचं नव्हतं, समुद्रापलीकडचं होतं. हवा कोरडी असली की पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण ऑगस्टमध्ये हवा अशी दमट व्हायची की खिडकीच्या काचांवरून पाणी ओघळायचं, आणि मग दूरची चित्रं समुद्रावरून स्वच्छ यायची. बाहेर जितका घामटपणा, तितकं लंडनचं धुकं ठळक.

त्यासाठी गच्चीवरची अँटेना दर सोमवारी फिरवावी लागे. ती बनवली होती बाळाजी घाडीने. बाळाजी कणकवलीकडचा, तुबलीच्या एका गॅरेजमध्ये वेल्डर, फ्रान्सिसचा जुना दोस्त. उंच, हसरा, कुणाच्याही कामाला धावणारा. फ्रान्सिसच्या आईची औषधं सुट्टीवर जाताना तोच पोचवायचा. गॅरेजमधल्या नळ्या जोडून त्याने ही अँटेना उभी केली, तेव्हा फ्रान्सिस म्हणाला की आता यावर चंद्रावरच्याही बातम्या दिसतील. बाळाजी म्हणाला, दिसतील, पण वैनींच्या हातचा चहा मिळाला तर.

सोमवारी कामावरून सुटला की तो यायचा. वर जाऊन खांब फिरवायचा आणि ओरडून विचारायचा, "वैनी, इला काय?" बेनिटा खिडकीतून सांगायची: आलं, गेलं, आलं, बस. मग तो खाली येऊन चहा घेत बसायचा. त्याला इंग्रजी कळत नसे, म्हणून बेनिटा त्याला वाक्य न् वाक्य मराठीत सांगायची. इन्स्पेक्टरच्या सर्दीवर त्याचा एक विनोद ठरलेला होता. या माणसाला आधी सुंठ-गूळ द्या, खुनी आपोआप सापडेल.

कधी कधी तो बायकोला घेऊन यायचा. शेवंती दीड वर्षापूर्वी गावाहून आलेली. दाराजवळ बसायची, बेनिटाच्या शेंगा निवडून द्यायची, पडद्याकडे पाहायची नाही. बाळाजी म्हणायचा, हिला माणसांतलं काही कळत नाही. शेवंती त्यावरही हसायची.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एका गाठोड्यात लांब बाह्यांचा मरून ब्लाऊज आला. चिठ्ठीवर शेवंतीचं नाव पाहून बेनिटा धावत वर गेली. डाव्या हाताला कोपराखाली सात टाके. शेवंती म्हणाली, गॅरेजातून आणलेला पत्रा घरात पडला होता, तो लागला. डॉक्टरनेही तेच लिहिलं होतं. बेनिटाने तिला संत्रं सोलून दिलं, खाली आली, ब्लाऊज धुतला, आणि मरून दोऱ्याची सुई कॉलरमधून काढली. बाहीवर तीन चिरा होत्या, एकीखाली एक. धाग्यांची टोकं सरळ, एका पातळीत, जणू कात्रीने बेतलेली. शिवायला किती सोपं, असं तिला वाटलं. तिला बरंही वाटलं. अर्ध्या तासात बाही नवी झाली.

पुढच्या सोमवारी बाळाजी एकटाच आला. शेवंती झोपलीय म्हणाला. चित्र आलं, चहा झाला. त्या दिवशीच्या भागात इन्स्पेक्टर एका धोबिणीच्या घरी जातो. तिच्या भाडेकरूचा शर्ट त्याला हवा असतो. धोबीण म्हणते, तो तर मी धुतला, शिवलासुद्धा, खिळ्याला अडकून फाटला होता म्हणे. इन्स्पेक्टर शर्ट दिव्याखाली धरतो, उसवलेल्या शिवणीतून एक धागा चिमटीत घेतो. खिळ्याने कापड फाटतं तेव्हा धागे तुटतात, त्यांना केस येतात, तो म्हणतो. हे तुटलेले नाहीत, कापलेले आहेत. बाई, तुम्ही माझा पुरावा धुतलात, आणि वरून टाकेही घातलेत.

बेनिटाने कप खाली ठेवला.

पत्र्याने कापड फाटतं. हे तिला कोण्या इन्स्पेक्टरने सांगायला नको होतं, तिच्या बोटांना ते वीस वर्षं माहीत होतं. तीन चिरा, एकीखाली एक, कोपराखाली बाहेरच्या अंगाला. माणूस तोंडावर हात आडवा धरतो तेव्हा जी बाजू पुढे येते ती.

"काय म्हणता तो?" बाळाजीने विचारलं. तो दोन हातांच्या अंतरावर बसला होता. बिस्किट चहात बुडवत होता.

बेनिटा म्हणाली, "शर्ट जुना झालाय म्हणतो."

"एवढाच? एवढा वेळ बोलत होतो तो."

"इंग्रज माणसं. लांबण लावतात."

बाळाजी हसला. मग पडद्यावरच्या धोबिणीकडे बोट दाखवून म्हणाला की ही तुमच्याच खात्यातली, वैनी, लिननवाली. बेनिटाही हसली. आपलं हसणं आपल्याला ऐकू येतंय असं तिला वाटलं, शेजारच्या खोलीतून यावं तसं.

तो गेल्यावर तिने कडी लावली, कडीला खुर्ची लावली, आणि भाजी चिरायची सुरी तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली. मग तिला वाटलं की सुरी हाताशी हवी. काढली. मग वाटलं नको. त्या आठवड्यात सुरी किती वेळा तांदळात गेली आणि आली, याचा तिलाच पत्ता राहिला नाही.

तिला भीती कसली होती, ते तिने पुढे शेवंतीला नीट सांगितलं. बाळाजी तिला मारेल ही नव्हती, निदान तेव्हा नव्हती. भीती ही होती की शेवंती आता त्या घरात त्याच्याबरोबर एकटी आहे, हे पृथ्वीवर फक्त तिला ठाऊक आहे, आणि ते सांगायला जी एक गोष्ट होती ती तिने स्वतःच्या हाताने शिवून टाकली होती. इतकी छान, की उलटी करूनही दिसणार नाही.

गुरुवारी तिने फ्रान्सिसला सांगितलं. तो पाव कापत होता, थांबला. मग म्हणाला की तू टीव्हीवर बघितलंस आणि घरात आणलंस. बाळाजीला तो दहा वर्षं ओळखत होता. नवरा-बायकोत काही असेल तर ते दोघं बघतील. आणि पोलीस-बिलीस झालं तर हे आपलं गाव नाही, एका सहीवर दोघांचा व्हिसा जाईल. ती म्हणाली, आणि तिचा जीव गेला तर? फ्रान्सिसने पुन्हा पाव कापायला घेतला. तोही घाबरला होता. शुक्रवारी जाताना त्याने नुसतं एवढं सांगितलं की बाळाजीसमोर चेहरा नीट ठेव.

दोन सोमवार तिने चेहरा नीट ठेवला. ती मालिका मराठीत सांगत राहिली, पण वेगळी. तिच्या मराठीत धोबीण निघून गेली होती आणि इन्स्पेक्टर एका हरवलेल्या घड्याळाचा शोध घेत होता. पडद्यावर तीच धोबीण रडत असायची. खरं सांगू की नको, सांगितलं तर भाडेकरू मला सोडेल का, असं शेजारणीला विचारायची. बाळाजी पाहत राहायचा. एकदा म्हणाला, घड्याळासाठी ही बाई एवढी कित्याक रडता? बेनिटाने सांगितलं, नवऱ्याचं होतं. तो पुन्हा पडद्याकडे बघू लागला.

सप्टेंबरमध्ये शेवटचा भाग होता. खुनी कोण ते त्या दिवशी कळणार होतं. आणि त्या दिवशी बाळाजी शेवंतीला घेऊन आला. हल्ली तो तिला घरी एकटं ठेवत नव्हता. एवढ्या उकाड्यात तिने खांद्यावरून पदर घट्ट लपेटून घेतला होता. ती मान वळवत नव्हती. उजवीकडे बघायचं तर अख्खी वळत होती.

बाळाजी वर गेला. पावलं छतावरून खांबापर्यंत गेली. वरून आवाज आला, "वैनी, इला काय?"

चित्र आलं होतं. इतकं स्वच्छ कधीच आलं नव्हतं. दिव्याच्या काचेवरचा डाग दिसत होता. बेनिटाने हात पुढे करून टीव्हीचा आवाज पूर्ण बारीक केला आणि खिडकीतून ओरडली, "नाही. जरा डावीकडे."

मग वळून तिने शेवंतीला हळू आवाजात विचारलं, "पत्रा नव्हता ना?"

शेवंतीने छताकडे पाहिलं.

"तो वर आहे. मी ठेवते त्याला वर. बोल."

"इला?"

"नाही हो, मुंग्याच आहेत. अजून थोडं."

शेवंती बोलली. तुकड्या-तुकड्यांत, दोन हाकांच्या मध्ये. पहिल्यांदा भातात खडा लागला म्हणून. काल कशावरून, ते तिलाच कळलं नव्हतं. काल त्याने खांद्यावर सुरी चालवली, मानेजवळ, आणि म्हणाला की पुढच्या खेपेला दोन बोटं वर. पासपोर्ट त्याच्या पेटीत. भाऊ गावी. जखमेवर तिने टॉवेल शिवून बसवला होता, आतून, ब्लाऊजलाच.

"काल अंगावर हाच ब्लाऊज होता?"

ती मानेने हो म्हणाली. धुवायला वेळच झाला नाही, असं म्हणाली, लाज वाटल्यासारखी.

"इला काय, वैनी? हात भरान इले माझे."

"आता आलं होतं. गेलं. उजवीकडे घ्या, हळू." बेनिटाचा आवाज तिच्या मानाने ठीक निघाला. ती शेवंतीजवळ वाकली. "उद्या हाताची जखम दाखवायला बोलावलंय ना तुला? ये. हाच घालून ये. धुऊ नको, शिवू नको, पाणीसुद्धा लावू नको. ऐकलंस?"

"तो सोबत येतलो."

"येऊ दे. ड्रेसिंगच्या खोलीत फक्त बायका असतात."

हाक आली नाही. दोघींनी एकदमच ते ओळखलं. छतावर पावलंही नव्हती. मग ती जिन्यावर ऐकू आली.

बाळाजी दारात उभा राहिला. टीव्हीवर इन्स्पेक्टर एका माणसाच्या खांद्यावर हात ठेवत होता, माणूस पाठमोरा होता, आणि गल्लीतला एकेक दगड दिसत होता. बाळाजीने पडद्याकडे पाहिलं, मग बायकोकडे, मग बेनिटाकडे.

"दिसता तर," तो म्हणाला. "मगे माका वर कित्याक ठेवलात?"

"आत्ताच आलं," बेनिटा म्हणाली. "तुम्ही खांब सोडलात आणि आलं."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग खाली बसला आणि चहा मागितला. तिने चहा केला. दूध कपात कमी आणि ओट्यावर जास्त पडलं. ती बाहेर आली तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती. खुनी कोण होता, धोबिणीचं काय झालं, हे तिला कधीच कळलं नाही. त्यानेही विचारलं नाही. जाताना त्याने शेवंतीचा हात धरला, चांगला हात, आणि दोघं जिना उतरून गेले. ती रात्र बेनिटा खुर्चीवर बसून होती. दाराशी लावलेल्या खुर्चीवर.

दुसऱ्या दिवशी तिने सहा सुया ओवल्या. दहा वाजता शेवंती ड्रेसिंगला आली. बाळाजी बाहेरच्या बाकावर बसला. आत हेडनर्स खदिजा होती, बहारीनचीच, मुहर्रकची, मोठ्या आवाजाची. तिने टॉवेल उसवला आणि तिचा आवाज बंद झाला. ब्लाऊज काढून, घडी करून, नेहमीप्रमाणे चिठ्ठी लावून तिने खाली पाठवला: धुवा.

बेनिटाने तो टेबलावर पसरला. तोच मरून ब्लाऊज होता. चीर सरळ होती, धाग्यांची टोकं एका पातळीत. भोवती वाळलेलं कडक कापड. तिचा हात सवयीने कॉलरकडे गेला, मरून सुईपर्यंत गेला. मग तिने ब्लाऊज तसाच कागदात गुंडाळला आणि जिना चढून खदिजाकडे गेली.

तिने जे सांगितलं ते खदिजाला फार कळलं नसावं. हिंदी, इंग्रजी, मध्येच मराठी. पत्रा, धागा, केस. खदिजाने तिचं मनगट धरलं. "सुई-धागा तुम जानता, मैं नहीं," ती म्हणाली. "डॉक्टर को तुम बोलो. पुलिस को भी तुम बोलो. मैं इधर खडी है."

पोलिसांकडून एक बाई अधिकारी आली. लिनन रूमच्या टेबलावरच बेनिटाने तिला दाखवलं. एका जुन्या चादरीचा तुकडा पत्र्याच्या डब्याच्या काठावर फाडून, दुसरा ब्लेडने कापून. बाईने दोन्ही हातात घेऊन पाहिले. मग विचारलं की पहिल्यांदाही असंच होतं का. इथे बेनिटाला गप्प राहता आलं असतं. ती म्हणाली, होतं. मी बघितलं होतं, आणि शिवून टाकलं. हे लिहून घेतलं गेलं. त्यावरून पुढे तिला ऑफिसची लेखी ताकीद मिळाली की पेशंटचे कपडे विचारल्याशिवाय शिवायचे नाहीत. तिने कागदावर सही केली आणि त्यानंतर खरोखरच कधी शिवले नाहीत.

त्या दुपारी तीन वाजता तिने सुया मोजल्या. पाच रिकाम्या, एक ओवलेली. ती तिने तशीच डबीत ठेवली.

बाळाजीला पोलिसांनी त्या बाकावरूनच नेलं. काही आठवडे कोठडीत होता, मग व्हिसा रद्द होऊन परत पाठवला गेला. जाण्याआधी त्याला भेटलेल्या गॅरेजच्या एका माणसाकडे त्याने निरोप दिला. माणूस साधा, त्याने तो फ्रान्सिसला जसाच्या तसा सांगितला, आणि फ्रान्सिसने, काय करावं न कळून, बेनिटाला. "वैनींक सांग, त्या दिवशी चित्र साफ होता."

एवढंच. धमकी म्हणावी असं त्यात काही नव्हतं. पण बेनिटा त्यानंतर त्या खिडकीत उभी राहिली नाही. छतावर मांजर चाललं तरी हातातलं काम थांबायचं. समोरून येणारा माणूस उंच असला की ती रस्ता बदलायची. फ्रान्सिस महिनाभर तिच्याशी कामापुरतंच बोलला. मग एका शुक्रवारी काही न बोलता वर गेला, अँटेना खोलली, नळ्या दोरीने बांधल्या आणि भंगारवाल्याला देऊन टाकल्या. खाली येऊन म्हणाला, बहारीनचं चॅनल पुरे आपल्याला. त्यापुढे त्याने तो विषय काढला नाही, पण झल्लाकहून रोज संध्याकाळी सात वाजता हॉटेलच्या फोनवरून खालच्या दुकानात फोन करायला लागला. बायको आहे ना वर, एवढंच विचारायचा.

शेवंती नोव्हेंबरमध्ये गेली. तोवर ती खदिजाच्या बहिणीकडे होती. तिचा भाऊ महादेव मुंबईला घ्यायला येणार होता. बाळाजीही तिथेच कुठेतरी असणार, हे दोघींनाही माहीत होतं. विमानतळ बुसैतीनहून जवळ, बेनिटा पोचवायला गेली. पोलिसांनी परत दिलेला ब्लाऊज तिच्या पिशवीत होता, नंबराची पट्टी अजून लटकलेली. फेकून द्यावा की तिला परत द्यावा, याचा तिने रात्रभर विचार केला होता. शेवंतीकडे सगळे मिळून चारच ब्लाऊज होते.

भावाच्या घरी शेवंती पुढे शिवणकाम करू लागली, आणि हे सगळं तिच्याकडूनच कळलेलं आहे. तो ब्लाऊज तिने धुतला, शिवला आणि बरीच वर्षं वापरला. बेनिटाला ती पुन्हा भेटली नाही. बेनिटा १९८७ साली गेली, हृदयविकाराने, ड्युटीवर असतानाच. डबीतल्या सहा सुयांपैकी पाच फ्रान्सिसने लिनन रूममधल्या मुलींना दिल्या. मरून दोऱ्याची शेवंतीला पोस्टाने आली, दोरा ओवलेलाच.

नोव्हेंबरातल्या त्या दिवशी विमानतळावर गर्दी होती. शेवंती रडत नव्हती, फक्त मागे वळून वळून पाहत होती, रांगेतला प्रत्येक उंच माणूस. बेनिटाही तेच करत होती. शेवंतीचा नंबर आला तेव्हा बेनिटाने ब्लाऊजची कागदी पुडी तिच्या हातात दिली, पुडीवर आपला हात जरा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाली, "आता धुऊन टाक. थंड पाण्यात हं. गरम पाण्यात डाग बसतो."